खळ्यातलं ऊन

माणसाने कुणावर जळावं याच्याही काही रीती असतात. बागायतदार शेजारच्या कलमांच्या मोहोरावर जळतो, कारकून दुसऱ्याच्या बढतीवर जळतो, फोटोग्राफर दुसऱ्या फोटोग्राफरच्या लेन्सवर जळतो. आमचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला, त्यामुळे हा शेवटचा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. पण मी खराखुरा, जेवण गोड लागेनासं होईपर्यंत जळलो तो एका निवृत्त शिक्षिकेवर. तिच्याकडे कॅमेरा नव्हता. मोबाइलसुद्धा बटणांचा होता. फोटो म्हणजे तिच्या मते लोकांनी दात दाखवायचा उद्योग.

प्रमिलाताई लांज्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या शेजारचं कौलारू घर घेतलं. घर बघायला आल्या तेव्हा नळ सोडून बघितला नाही, छप्पर गळतं का विचारलं नाही. थेट मागच्या खळ्यात जाऊन, सारवलेल्या अंगणाच्या मधोमध उभं राहून वर बघत राहिल्या. दलालाला वाटलं, बाई प्रार्थना करतायत. तो बिचारा हात जोडून बाजूला उभा राहिला. मग बाईंनी विचारलं, "ऊन कधीपासून कधीपर्यंत असतं इथं?" दलाल या प्रश्नाला तयार नव्हता. तो म्हणाला, "बाई, रत्नागिरीत उन्हाला काय तोटा?"

तोटा होता, आणि त्याचं कारण आम्ही होतो. आमचं घर दुमजली, त्यांच्या पूर्वेला. मध्ये फक्त चिऱ्याचा गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. सकाळी आमच्या घराची सावली त्यांच्या अख्ख्या खळ्यात पसरलेली असायची आणि ऊन चढेल तशी आमच्याकडे परत यायची. राहायला आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी प्रमिलाताई आमच्या दारात उभ्या. बुटक्या, रुंद, उन्हाने रापलेल्या, पदर खोचलेला आणि बोटांची नखं निळीभोर. ओळख नाही, पाळख नाही.

"तुमचं घर सकाळभर माझ्या खळ्यात असतं," त्या म्हणाल्या. "घर काही पाडा म्हणत नाही मी. पण गच्चीच्या कठड्यावरची ती कपड्यांची दोरी तेवढी काढा. काल माझ्या नेच्यावर कुणाचा तरी लेंगा आलाय."

त्यांच्या हातात एक कागद होता. गडद निळ्या रंगावर पांढराशुभ्र नेचा, म्हणजे फर्नचं पान, त्याची शीर न् शीर दिसत होती, आणि त्याच्या डोक्यावर फिकट निळ्या ढगासारखा, दोन पायांचा, माझा लेंगा. माझी बायको स्मिता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दोरी त्याच दिवशी निघाली.

त्यांचा उद्योग सांगायला सोपा आहे. दोन रसायनं पाण्यात कालवायची, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत ती कागदाला नाहीतर कापडाला फासायची आणि तिथेच वाळवायची. मग त्यावर पान, फूल, शंख, काय हवं ते ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात मांडायचं. थोड्या वेळाने पाण्यात धुतलं की ऊन लागलेला भाग निळा होतो आणि वस्तूखालचा पांढरा राहतो. झालं. कॅमेरा नाही, लेन्स नाही. माझ्या स्टुडिओत जेवढी यंत्रं आहेत त्यांच्या नुसत्या वायरी वाहून नेल्या तरी माणूस दमेल. आणि ही बाई दोन बाटल्या, एक ब्रश आणि एक काच घेऊन बसायची.

पाणीही त्यांना आमच्याच विहिरीचं लागायचं. "नळाच्या पाण्याने निळा मिळमिळीत होतो," असं त्या म्हणायच्या आणि न विचारता बादली भरून न्यायच्या. न विचारता घेणं हा त्यांचा स्वभावच होता. लोकांच्या परड्यातली पानं, देवळातल्या निर्माल्यातली फुलं, गावाबाहेरच्या सड्यावरची, त्या कातळाच्या पठारावरची पावसाळी रोपं, सगळं त्यांचंच. स्मिताच्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी नवरीच्या मुंडावळ्यांतली एक सर "जरा बघू" म्हणून जी घेतली ती दुसऱ्या दिवशी निळ्या कागदावरच दिसली. एकदा मिरकरवाड्याच्या बंदरावर मी कामासाठी गेलो होतो, तर या लिलावाच्या गर्दीत उभ्या राहून एका मासेवालीकडे सुरमईचा अख्खा काटा मागत होत्या. नुसता काटा. ती बाई म्हणाली, "लोकं मासा नेतात नि काटा मांजराला टाकतात. तुम्ही मांजराच्या तोंडचं कशाला काढता?" प्रमिलाताई म्हणाल्या, "मांजर नुसतं खाऊन टाकेल. मी काट्याला पुन्हा पोहायला लावते." त्या काट्याचा छाप मी पाहिला आहे. खरंच पोहत होता. जळायला तिथूनच सुरुवात झाली असावी.

पण तेवढ्यावर निभावलं असतं. पानांवर, काट्यांवर कोण जळत बसतो? माझं दुखणं आप्पांपाशी होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. जुने डार्करूमवाले. लाल दिव्याच्या उजेडात ट्रेमध्ये कागद हलवत त्यांचं आयुष्य गेलं. कुणाचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. फार तर एक अक्षर: "वा." तेही आवाज न चढवता, हातातली वस्तू जपून खाली ठेवावी तसं. लहानपणी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर उभा राहायचो. कोऱ्या कागदावर चेहरा उमटत यायचा आणि एखाद्याच वेळी अंधारातून ते "वा" ऐकू यायचं. ते माणसासाठी नसायचं, कागदासाठी असायचं. तरी मला वाटायचं, मोठा झालो की माझ्या कामावर ते एकदा म्हणवून घेईन.

मोठा झालो. डार्करूमच्या जागी मी संगणक आणि प्रिंटर आणले. लाल दिवा तेवढा काढून आप्पांनी आपल्या कपाटात ठेवला आणि त्यानंतर स्टुडिओत ते फक्त रस्त्याकडे तोंड करून बसायला यायचे. आई गेल्यावर तेही बंद झालं. मी अल्बम दाखवले की पान उलटत म्हणायचे, "पुठ्ठा जाड आहे." वाटेत भेटलेल्या गिऱ्हाइकांना मात्र सांगायचे, "विजूनं नवा कॅमेरा आणलान. फोटो तो कॅमेराच काढतो, ह्याचं बोट लागतं फक्त."

आणि स्वतःचा फोटो तर त्यांनी कधी काढू दिला नाही. मी कॅमेरा उचलला की ते मान फिरवायचे, नाहीतर चष्मा पुसायला घ्यायचे. "पुरे रे," म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यांना "हलू नका" सांगितलेला माणूस माझ्यापुढे एक क्षण स्थिर बसला नाही.

अशा माणसाला प्रमिलाताईंनी कसं पकडलं? तर त्यांनी पकडलं नाहीच, आप्पा आपल्या पायाने गेले. एका सकाळी उशिरा, आमची सावली पलीकडून निघाल्यावर, ते विहिरीवर दात घासत होते. गडग्यापलीकडे बाईंनी फासलेले कागद खळ्यात मांडायला घेतले. डार्करूमवाल्या माणसाला कागद उन्हात पडलेला बघवत नाही. गाईला विहिरीच्या काठावर बघून कुणीही धावेल, तसे आप्पा धावले. तोंडात दंतमंजनाचा फेस, हातात पावसाळ्यापासून खुंटीला असलेली छत्री. "बाई, कागद आत घ्या, फुकट जाईल सगळा," असं ओरडत त्यांनी गडगा ओलांडला आणि छत्री उघडून कागदांवर धरली.

बाईंनी त्यांना थांबवलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "धरलीत ना? आता धरूनच ठेवा. छत्री बरी येईल."

आप्पांना आधी काही कळलं नाही. मग बाईंनी एक कागद बादलीत बुडवला. पिवळं पाणी निघालं, निळा वर आला आणि छत्रीच्या काड्यांची टोकं, कडेचं फाटलेलं कापड, सगळं दिसायला लागलं. मी गच्चीवरून बघत होतो. आप्पा बादलीत वाकले, आणि तो आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.

"वा."

इतक्या वर्षांनी. एका फाटक्या छत्रीला. तोंडातला फेस न पुसता.

त्या दिवसापासून आप्पा नाश्ता करून जे पलीकडे जायचे ते जेवायलाच परत यायचे. गडग्याचे दोन चिरे त्यांनी स्वतः काढून वाट केली. घरी दुखणारे गुडघे तिथे उकिडवे बसायला तयार असायचे. बाईंचं त्यांच्याशी बोलणंही वर्गातलंच. "आप्पा, सावली तिकडे. आप्पा, काचेवर बोट नको. आप्पा, तुम्ही नापास." आणि आप्पा, ज्यांच्यापुढे आमची हूं की चूं नसायची, ते हसत हसत खुशाल नापास व्हायचे. मला ते हसू ऐकवत नव्हतं. आळीत कुजबूज झाली तीही माझ्या कानावर आली, पण मला तिचं काही वाटलं नाही. लोकांना वाटत होतं ते असतं तर मला परवडलं असतं. म्हातारपणी माणसाला सोबत लागते, हे मला कळतं. पण इथे तर त्यांना माझाच धंदा पुन्हा गोड लागायला लागला होता, फक्त माझ्याकडे नाही.

स्मिता म्हणायची, "तुम्ही नक्की कुणावर जळताय? त्यांच्यावर की आप्पांवर?" मी म्हणायचो, "मी जळत नाहीये." ती म्हणायची, "वास येतोय."

मग मी जे कुणीही करेल तेच केलं. रसायनं मागवली. सड्यावरच्या सूर्यास्ताचा माझा गाजलेला फोटो पारदर्शक फिल्मवर छापला, ती फिल्म कागदावर ठेवून निळा छाप काढला. ढगांच्या कडा, लाटा, सगळं जिथल्या तिथे. प्रमिलाताईंना नेऊन दाखवला. आप्पा शेजारी होतेच.

बाईंनी चष्मा वर करून बघितला. "छान झालंय रे विजू," त्या म्हणाल्या. "पण तुला सगळं आधीच माहीत होतं. मला धुवेपर्यंत कळत नाही काय आलंय. म्हणून तर रोज उठते मी."

आप्पांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "कागद चांगला आहे."

पुढे गावातल्या एका सभागृहात स्थानिक कलाकारांचं प्रदर्शन भरलं. एका भिंतीवर माझे फोटो होते आणि समोरच्या भिंतीवर बाईंची सुरमई, नेचे, जाळ्याचा तुकडा, आणि अंजनवेलच्या किल्ल्यावरून आणलेलं कसलं तरी काटेरी झुडूप. आप्पा दिवसभर त्यांच्या भिंतीपाशी उभे. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "कॅमेरा नाही हां. नुसतं ऊन." संध्याकाळी जाताना ते माझ्या भिंतीसमोरून सावकाश चालत गेले. मी मागोमाग. शेवटच्या फोटोपाशी थांबले. म्हणाले, "फ्रेमा सरळ लावल्यास." मला त्या रात्री ताप आला. स्मिता म्हणते तो साधा ताप होता.

आता चादरीचं सांगतो.

हिवाळ्यातली सकाळ होती. मी एका नव्या लेन्सची परीक्षा घ्यायला गच्चीवर गेलो होतो. खाली प्रमिलाताईंच्या खळ्यात एक मोठी पांढरी, म्हणजे रसायन फासून पिवळट झालेली चादर पसरलेली. तिच्या कडेला आप्पा उभे. पाठ सूर्याकडे, म्हणजे माझ्याकडे. त्यांची सावली चादरीवर लांब पडली होती, बरोबर त्यांच्याच उंचीएवढी. बाईंनी ती वेळ साधली होती. सावली माणसाएवढी होते तेवढाच वेळ त्यांना हवा होता.

"आता हलायचं नाही हां आप्पा," त्या म्हणाल्या. "श्वास घ्या, पण हळू."

आणि आप्पा उभे राहिले. हात बाजूला, मान सरळ. शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे. चष्मा पुसला नाही. "पुरे" म्हणाले नाहीत. गुडघे दुखत असणार, पण ते हलले नाहीत.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्समधून त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या, सदऱ्याची उसवलेली शिवण, सगळं दिसत होतं. जन्मभर जे मिळालं नव्हतं ते समोर होतं. बोट बटणावर होतं. पण दाबवेना. ते माझ्यासाठी उभे नव्हते. दुसऱ्या कुणासाठी उभा राहिलेला बाप मला चोरून नको होता. कॅमेरा खालीही ठेववेना. तसाच, कोपर कठड्यावर फाकवून, मी बघत राहिलो. बाई त्यांच्या समोरच्या बाजूला होत्या. त्यांना आप्पांचा चेहरा दिसत होता, मला पाठ. एवढा साधा फरक, पण त्याने माझं डोकं फिरलं होतं.

चादर उचलून त्यांनी पाण्यात घातली. दोघं वाकले. बराच वेळ ती पाण्यात हलवत राहिले. मग ते आलं. "वा." त्याआधी कधी ऐकलं नव्हतं इतकं सावकाश. मी खाली उतरलो आणि स्टुडिओत जाऊन एका गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो.

पुढच्या वर्षी आप्पा गेले. चार दिवसांचं दुखणं. भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा फोटोग्राफरच्या घरात बापाचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. मी स्वतः त्याच्यावर कितीतरी काम केलं, डोळ्यांखालचं काळं काढलं, पार्श्वभूमी बदलली. तेराव्याला प्रमिलाताई आल्या, हारातल्या फोटोपुढे उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हे आप्पा नव्हेत," आणि पान न वाढून घेता निघून गेल्या. सगळ्या नातेवाइकांसमोर. मी त्यांना मनात काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं सगळ्यात वाईट हे की त्यांचं खरं होतं.

त्यानंतर त्यांचे छाप कमी झाले. गडग्यातली वाट तशीच राहिली, पण तिथून कुणी ये-जा करेना. गेल्या उन्हाळ्यात कळलं की त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ऊन सोसत नाही आणि त्या पुण्याला भाचीकडे राहायला निघाल्यात. ज्या बाईने उन्हासाठी घर घेतलं, तिला उन्हाचाच चष्मा लागला. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. पण लगेच दुसरी गोष्ट आठवली. चादर.

जायच्या आदल्या दिवशी मी त्या वाटेनेच पलीकडे गेलो. घर रिकामं झालं होतं. खिडक्या बंद, अंधार. त्या काळा चष्मा लावून पेटीवर बसल्या होत्या.

"ताई," मी म्हणालो, "ती आप्पांची चादर मला द्याल का? घरात त्यांचं काही नाही."

त्यांनी उठून पेटी उघडली. "बाहेर ठेवलं की फिकटतं हे," त्या म्हणाल्या. "अंधारात ठेवलं की रंग परत येतो. म्हणून पेटीत असतं." त्यांनी घडी उलगडली आणि एका खिडकीचं दार किलकिलं केलं.

गडद निळ्यात आप्पा उभे होते. फिकट, कडा हललेल्या, पण आप्पाच. ती मान, ते उतरते खांदे, सदऱ्याचा घेर. नाक नाही, डोळे नाहीत, तरी आधार कार्डापेक्षा शंभर पटीने आप्पा.

"इकडे बघ," बाई म्हणाल्या. त्यांचं निळं नख चादरीच्या कडेपाशी होतं. तिथे एक सरळ पट्टा होता, आमच्या गच्चीच्या कठड्याचा. आणि त्या पट्ट्यावर एक पुसट डोकं. दोन्ही बाजूंना फाकलेली कोपरं. चेहऱ्यापुढे काहीतरी धरलेलं.

"तुझी सावली पहिल्यापासून पडली होती," त्या म्हणाल्या. "मी हळूच म्हटलं, आप्पा, थांबा, विजूला हाक मारून बाजूला करते, चादर बिघडेल. तर म्हणाले, राहू दे. हलत नाहीये तो."

मी वाकून ती कोपरं पुन्हा बघितली.

"आणि मग धुताना?" मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं.

"आधी चादरीवर ते स्वतः आले, तेव्हा काही बोलले नाहीत. मग कडेला तू यायला लागलास. कोपरं दिसली. तेव्हा ते म्हणाले, त्यांचं ते नेहमीचं."

मी म्हणालो, "म्हणजे आता तर ही मलाच द्यायला हवी."

"नाही," त्या म्हणाल्या आणि घडी घालायला लागल्या. "तुझ्याकडे अख्खे वडील होते विजू, इतकी वर्षं. माझ्याकडे एवढंच आहे. हे नाही मी देणार." विनंती नाही, दिलगिरी नाही. लोकांच्या परड्यातली फुलं खुडायच्या त्याच आवाजात.

मी भांडायला हवं होतं. पण त्यांचे हात घडी घालताना दोनदा चुकले, आणि मी चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून ती घडी घातली.

सकाळी गाडी आली. पेटी मागे ठेवतो म्हणून ड्रायव्हर पुढे झाला, पण त्यांनी तिच्यातून चादर काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. काळा चष्मा, डोक्यावरून पदर, खिडकीची काच वर. मी गडग्यापाशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघून हात केला की माझ्या मागच्या आमच्या घराकडे, ते चष्म्यामुळे कळलं नाही. गाडी वळेपर्यंत त्यांचा दुसरा हात चादरीवरच होता.

त्यांचं खळं आता रिकामं आहे आणि आमचं घर खुशाल सकाळभर त्यात पसरतं. मला आप्पांकडून जन्मात एकच "वा" मिळालं, आणि ते पुण्यात एका म्हाताऱ्या बाईच्या पेटीत, अंधारात, रंग धरून आहे. जळायचं नाही म्हणता?